पांढरीवरचे तीन दगड

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी बियाण्याच्या दुकानदारानं फुकट दिलेली, तीही मागच्या सालची. छापलेला वार खोडून मी माझा वार लिहितोय. लिहायची कल्पना आमेरची. "कल्याणभाई, कोणती गाडी किती चालली, तेल कधी बदललं, वाटेत काय खराबी दिसली, सगळं रोजच्या रोज लिहून ठेव. उद्या काही झालं तर कागद पायजे." आमेर माझा भागीदार. जालन्याला मस्तगडात त्याचं मोटारसायकलचं गॅरेज होतं. ते बंद करून तो माझ्या नादाला लागला आणि आता आम्ही दोघं मिळून हसनाबादच्या वरच्या डोंगरात एटीव्ही फिरवतो. चार जाड चाकांची मोटारसायकल समजा. गावात तिला बेडूकगाडी म्हणतात. म्हणू देत.

गाड्या चार. वाट अकरा किलोमीटर. आमच्या वाडीतून निघायचं, ओढ्यातून जायचं, चढण चढायची, वरच्या पांढरीवरून थेट कड्यावर, आणि परत. पांढरी म्हणजे आमच्या जुन्या वाडीची जागा. पाणी आटलं म्हणून लोक पासष्ट-सत्तर वर्षांमागं खाली उतरले, वर आता दोन लिंबाची झाडं, पडक्या भिंती आणि पांढरी माती.

तेवीस तारखेला रविवारी नाशिकची आठ माणसं येणार. पहिलाच मोठा ग्रुप. मी स्वतःला एकच नियम घालून घेतलाय, वर नेलेला माणूस आहे तसा खाली आणायचा. बाकी काही चुकलं तरी चालेल.

घरचं लिहायचं नव्हतं, पण लिहितो. आबा, म्हणजे माझे वडील, अजून माझ्याशी बोलत नाहीत. पोळा झाला आणि चौथ्या दिवशी मी चांद्या-मोगऱ्या विकले, तेव्हापासून. ट्रॅक्टर आल्यापासून बैल नुसते उभे होते, गोठा गाड्यांना लागत होता. समजावून सांगितलं असतं तर त्यांनी विकू दिले नसते, म्हणून सांगितलं नाही. आता मी समोर बसलेलो असलो तरी ते माझ्या बायकोला म्हणतात, "शालू, सांग त्याला, जेवून घे म्हनावं." शालू मला म्हणते, "जेवून घ्या." आणि मी तिथंच, हातभर अंतरावर!

५ नोव्हेंबर, बुधवार

आज आमेरला पाहुणा केलं आणि पाहुण्यांना काय काय सांगायचं त्याची तालीम केली. पांढरीवर गाड्या थांबवून म्हणायचं, "मंडळी, तुम्ही उभे आहात तिथं माझ्या पणजोबांचं गाव होतं. त्या काळी ज्वारी घरात नाही, जमिनीखाली पेवात ठेवायचे. वर माणूस उतरेल एवढंच तोंड आणि आत पोट एवढं की हत्ती मावेल." आमेर म्हणाला, "हत्ती जास्त होऊन राह्यला. म्हैस म्हण." म्हैस ठरली. ही गोष्ट पाहुण्यांना नक्की आवडणार.

वाटेत खराबी: पांढरीवर दोन लिंबांच्या मधोमध, थोरल्या लिंबापासून तेरा पावलं, ऐन चाकोरीत तीन दगड एकावर एक. दुसरीकडं फुटकं जातं पडलंय, त्याच्या उगवतीला सात पावलं, तसेच तीन. गडगडत आलेले नाहीत, नीट रचलेले. दोन्हीकडचे फेकून दिले.

८ नोव्हेंबर, शनिवार

परत दगड! आणि आता तीन नवीन जागा. पडक्या मारुतीच्या ओट्याच्या मागं पाच पावलं. पाटलाच्या भिंतीच्या कोपऱ्याला लागून दोन पावलं. बोराटीच्या जाळीसमोर अकरा पावलं. वरच्या दगडाला चुना फासलेला. म्हणजे कोणीतरी ठरवून करतंय. गाडी त्यावर चढली तर उलटेल, पाहुण्याचं डोकं फुटेल, धंदा बसेल, हाच डाव असणार.

माझा संशय तातेरावावर. तो मेंढरं घेऊन डोंगरात हिंडतो. गाड्यांच्या आवाजानं मेंढरं फाकतात म्हणून दिवाळीच्या आधी माझ्याशी वाद घातला होता. आता मी जागा मोजून मापून लिहिणार. पोलिसात जायची वेळ आली तर पुरावा पायजे.

निघताना शालू गोठ्यात आली. "आबा म्हणतात, पांढरीवरून गाड्या नेऊ नको म्हनावं. तिथं ना..." मी हेल्मेट चढवलं आणि इंजिन चालू केलं. ती अजून काहीतरी सांगत होती. म्हाताऱ्याला माझ्या प्रत्येक कामात खोडा घालायचाय. बैलांचा राग गाड्यांवर. खडूस माणूस, जन्मभर असाच. ह्या डोंगरात आम्ही चाळीस चकरा मारल्या, काय झालं? काही नाही झालं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज दोन जागा. चिंचेचा बुडखा आहे, त्याच्या डावीकडं नऊ पावलं. आणि कड्याकडं जाताना उजव्या हाताला, सपाट शिळेपासून चार पावलं. लाथ मारून उडवले. आमेर म्हणाला, "पोरांचे खेळ असतील, एवढा काय तापतो?" पोरं चुना लावत बसतात का?

घरी आलो तर शालूची वेगळीच कटकट. दिवाळीला घर रंगवून उरलेला बादलीभर चुना कोणी नेला? म्हटलं, मला काय माहीत, मी काय चुना खातो? आबा ओसरीवर बसले होते. थंडीनं त्यांच्या बोटांना भेगा पडल्यात, पांढऱ्याफटक. शालू खोबरेल लावून देत होती. मला वाईट वाटलं. जालन्याहून मलम आणायला आमेरला सांगितलंय. आबांना सांगू नको म्हटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज वर एकटाच गेलो होतो, तर पांढरीवर आबा. शहात्तर वर्षांचा माणूस एवढी चढण पायी चढून आलेला, हातात घरातली पहार. चार पावलं चालायचे, पहार उभी आपटायचे, गुडघ्यावर बसून जमिनीला कान लावायचे. मंग उठून पुढं. मी इंजिन बंद करून लांबूनच बघत राहिलो.

डोळ्यात पाणी आलं माझ्या. म्हातारा येडा व्हायला लागला. नऊ वर्षांचे असताना इथून खाली गेले, आता जुनं घर धुंडाळत असतील. बैल असते तर त्यांच्यात जीव रमला असता. जाऊन हाताला धरावं, आबा चला घरी म्हणावं, असं फार वाटलं. पण मी बोलणार आणि ते तोंड फिरवणार. डोंगरात कोणी बघायला नसलं तरी अपमान तो अपमानच. गाडी ढकलत मागं घेतली आणि दुसऱ्या अंगानं उतरलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज माझ्या हातून वाईट झालं, पण चूक माझी नाही.

पांढरीवर गेलो, तर नवे दगड रचलेले आणि शंभर पावलांवर तातेराव मेंढरं घेऊन उभा. माझं डोकंच फिरलं. गाडी सोडून धावत गेलो, त्याच्या घोंगडीला हात घातला. "दगड कोण ठेवतंय? बोल! माणूस मारायचाय का तुला?" तो शांत. म्हणाला, "कल्याण, मी या पांढरीत पायबी ठेवत न्हाई. माझी मेंढरंबी कडंकडंनंच नेतो. माझ्या बापानं सांगितल्यालं हाये."

"मंग काय भुतं ठेवून राह्यलीत?"

"तुज्या घरात इचार आधी," तो म्हणाला.

घरावर गेला म्हणून मी त्याला ढकललं. पडला. रुमाल सुटून धुळीत गेला. आमेरनं मागून येऊन मला ओढलं, त्याला उठवलं, स्वतः रुमाल झटकून हातात दिला. तातेरावानं मला शिवी पण दिली नाही. ते जास्त लागलं.

आजच्या जागा: सातव्या आठव्या घराच्या जोत्यांमध्ये, विहिरीच्या बाजूचा कोपरा, विहिरीपासून सोळा पावलं. त्याच रांगेत पुढं अठरा. एकूण नऊ झाल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आमेरशी कडाक्याचं वाजलं. तो म्हणतो, पांढरी सोडून ओढ्याच्या अंगानं फिरवू. "चाचा फालतू बोलणारे न्हाईत, कल्याणभाई. ते नको म्हणून राह्यले तर काहीतरी असेल. वाट छोटी झाली तर होऊ दे."

म्हटलं, कडा दिसला नाही तर वर जायचं कशाला? नाशिकवाल्यांनी कड्यावरचा फोटो बघून होकार दिलाय. आणि ज्या माणसानं अडीच-तीन महिने माझ्याशी एक शब्द काढला नाही, त्याच्या शब्दावर वाट बदलू? शब्द तरी आहे का त्याचा? तो शालूचा शब्द!

आमेरनं पाना पुसून पेटीत टाकला. मंग म्हणाला, "ठीक. वाट तुझी. पण शेवटची गाडी मी चालवणार. कोणाचं काही झालं तर मागून मला दिसलं पायजे." शेवटची गाडी सगळ्यात जड, पाण्याचे कॅन आणि हत्यारांची पेटी तिच्यावरच असते. बोलताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. त्याच्या लेकीचा, अंबरीनचा फोन आला तेव्हा मात्र हसून बोलला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या. चारी गाड्या धुतल्या, ब्रेक तपासले, हेल्मेटं पुसली. वर जाऊन वाट साफ केली. आज आणखी दोन जागा होत्या: कडेच्या लिंबाच्या पलीकडं सहा पावलं, आणि तिथून मावळतीला बारा. एकूण अकरा. सगळ्या साफ. वाट आरशासारखी करून ठेवलीय.

जेवताना आबा शालूला म्हणाले, "सांग त्याला, उद्या मी पांढरीवर बसनार हाये म्हनावं."

मी म्हटलं, "शालू, सांग त्यांना, खुशाल बसा. डोंगर काय माझ्या बापाचा नाही." तोंडातून गेल्यावर कळलं काय बोललो. शालूनं ताट उचललं आणि आत गेली. आबा हसले नाहीत, रागावले पण नाहीत. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसले होते.

२३ नोव्हेंबर, रविवार

आमेर जिवंत आहे. आज लिहवत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लिहितो. आमेरच म्हणाला, दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणाला, "लिहून ठेव भाई, बराबर जसं झालं तसं."

रविवारी सकाळी साडेआठला पहिली फेरी निघाली. पुढं मी, मधल्या दोन गाड्यांवर नाशिकचे चौघं, शेवटी आमेर. ओढा झाला, चढण झाली. एक बाई तर आनंदानं ओरडत होत्या. पांढरीवर आलो आणि समोर वाटेत आबा. चिंचेच्या बुडख्याजवळ, ऐन चाकोरीत मांडी घालून बसलेले. मला बघून उठले आणि काठी माझ्या डावीकडच्या जमिनीकडं हलवायला लागले. तोंड पण हलत होतं, पण हेल्मेटात आणि चार इंजिनांच्या आवाजात काय ऐकू येणार?

पाहुण्यांसमोर माझी मान खाली गेली. मला वाटलं, मारायला काठी उगारली. मी हँडल वळवलं आणि त्यांना डावीकडून वळसा घालून निघालो. दुसरी गाडी माझ्या मागं आली. तिसरी आली. मंग मागून आवाज झाला. मोठा नाही. पोत्याचं तोंड सुटून धान्य सांडावं तसा.

वळून बघितलं तर आमेरची गाडी अर्धी जमिनीत. मागची चाकं गेलेली, पुढची दोन वर, दिवा आभाळाकडं. आमेर दिसेना.

पेव. मी पाहुण्यांना सांगायचो ते पेव. तोंडावर आडवी टाकलेली बाभळीची लाकडं वाळवीनं खाल्लेली, यंदाच्या सप्टेंबरातल्या पावसानं वरची माती भिजून जड झालेली. गाडी तोंडात तिरकी अडकली होती आणि आमेर मागच्या मागं घसरून तिच्या खाली, आत गेला होता. इंजिन चालूच. मी चावी फिरवली. मंग खालून आवाज आला, "कल्याणभाई, पाय गया मेरा."

मी हेल्मेट फेकलं आणि गाडीच्या बाजूच्या फटीत पाय घातला. तेवढ्यात मागून कोणीतरी माझी मानगूट धरून मला उताणं पाडलं.

"उतरू नको!"

आबा. अडीच-तीन महिन्यांनी.

"कल्या, उतरू नको. पेवाची हवा हाये ती. माझ्या चुलत्याच्या मागं माझा आजा उतरला व्हता, दोघंबी वर आले न्हाईत. मी व्हतो तिथं."

म्हटलं, आबा सोडा, तो मरतोय. त्यांनी काठी माझ्या छातीवर दाबून धरली आणि फटीत तोंड घालून ओरडले, "आमेर! उठून उभा राह्य! खाली बसू नको, पाठ भिताडाला लाव आन् तोंड वर कर!"

"पाय न्हाई चाचा..."

"एका पायावर राह्य! वाईट हवा खाली आसती!"

आत धडपडल्याचा आवाज आला. आमेर ओरडला, उभा राहिला असावा. मी माझी गाडी आणून तिच्या विंचची, म्हणजे ओढून घ्यायच्या चरकाची, तार अडकलेल्या गाडीच्या पुढच्या दांड्याला लावली, आणि माझी गाडी लिंबाला बांधली. तार ताणली तशी पेवाच्या काठाची माती आत ढासळायला लागली. गाडी सुटून आत पडली तर आमेर तिच्याखाली. नाशिकच्या दोघा पुरुषांना मी जमिनीवर पालथं झोपायला लावून पुढचं चाक धरायला लावलं. वर नेलेला माणूस आहे तसा खाली आणायचा, हे मीच लिहिलं होतं ना.

आतून आमेरचा आवाज जड व्हायला लागला. दारू प्यालेल्या माणसासारखा. "कल्याणभाई... अंबरीनला सांग..."

"कोनाला काय सांगायचं ते वर येऊन सांग!" आबा असे ओरडले की त्यांचा आवाजच फाटला. "तुझं तू सांग!"

गाडी इंच इंच वर आली. बाहेर पडली तेव्हा मी परत पेवाकडं धावलो आणि परत काठी आडवी. आबांनी पंच्याची चिंधी पेटवली, तारेला बांधून आत सोडली. पाच-सहा हात गेली आणि फुंकर मारल्यासारखी विझली. तेव्हा मी पहिल्यांदा खरा घाबरलो. मी उतरलो असतो तर तिथं आत आम्ही दोघं असतो.

"डहाळे आना," आबा म्हणाले. मी वळलो तर तातेराव आधीच लिंबावर. कधी आला, कोणी बोलावलं, माहीत नाही. कुऱ्हाडीनं फांद्या तोडून खाली टाकत होता. फांद्यांचा भारा दोराला बांधला आणि तातेराव आणि मी मिळून तो पेवात सोडला, वर ओढला, सोडला, ओढला. विहिरीतला गाळ ढवळावा तशी हवा ढवळत होतो. ज्याला मी आठ दिवसांपूर्वी धुळीत पाडला तो माझ्या शेजारी त्याच दोराला हात लावून होता, आणि आम्ही दोघं एका दमात दोर ओढत होतो. आबा सारखे विचारत होते, "आमेर, हाये का?" पहिल्यांदा "हां चाचा" आलं. दुसऱ्यांदा "हां". तिसऱ्यांदा काहीच नाही.

आबांनी दुसरी चिंधी सोडली. ती पेटती राहिली. तळापर्यंत पेटती राहिली.

"आता उतर," ते म्हणाले.

मी कमरेला दोर बांधून उतरलो. आत जुन्या ज्वारीचा कुबट वास आणि खरंच म्हैस मावेल एवढी जागा. आमेर भिंतीला टेकून वाकडा पडला होता, ओठ निळे, पण श्वास चालू. त्याच्या काखेतून दोर घातला. वरून नाशिकवाल्यांनी आणि तातेरावानं ओढला. वर आल्यावर त्यानं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं? "पाहुणे ठीक आहेत ना?" मी तिथंच मातीत बसून लहान पोरासारखा रडलो. कोणाची लाज वाटली नाही.

मांडीचं हाड दोन जागी मोडलंय. महिने लागतील, पण चालेल. नाशिकच्या लोकांनी रागाचा एक शब्द काढला नाही, ते त्याच्याबरोबर जालन्यापर्यंत आले.

दवाखान्यातून आज घरी आलो. मला वाटलं, आता अबोला सुटला. ओसरीवर गेलो तर आबा आत बघून म्हणाले, "शालू, सांग त्याला, कापडं बदल म्हनावं, रक्त लागलंय."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शालूनं आज तोंड उघडलं. "दिवाळी झाल्यापासून ते मला सांगत होते. पांढरीत घरटी एक पेव होतं, कुठं कुठं होतं ते पक्कं आठवत नाही, पहार आपटून शोधतो, पोकळ वाजलं की तीन दगड ठेवतो, वरचा चुन्याचा. जुन्या काळी धोक्याच्या पेवावर असेच तीन ठेवायचे. हे सगळं तुम्हाला सांगायला मी किती वेळा आले! चुना कोणी नेला असं विचारलं, तेही तुम्ही आबांकडं बघावं म्हणून. तुम्ही कधी वाक्य पुरं होऊ दिलं? हेल्मेट घातलं की झालं तुमचं."

मी विचारलं, "मंग मला ओरडून का नाही सांगितलंस?"

"मी निरोप पोचवणारी. दोघांच्या मधे ओरडायचं कितीदा?" असं म्हणून ती रडायला लागली. पितळेचा डबा नाही, माणूस आहे ती, आणि आम्ही दोघांनी तिला तीन महिने इकडून तिकडं सरकवली.

दुपारी तातेरावाच्या वाड्यावर गेलो आणि पाया पडलो. तो म्हणाला, "दगड मला माहीत व्हते. तुज्या आबांनी शपथ घातल्ती, पोराला सांगू नको, तो माज्याशी बोलाया आला की मीच सांगन. लई वाट बघितली त्यांनी तुजी."

मी चौदा तारखेला गाडी ढकलत मागं घेतली होती.

मूळ धोका अजून तसाच आहे. शोधलेली पेवं अकरा, एक उघडं पडलं, दहा अजून मातीखाली. लाकूड गोळा करायला बाया जातात तिकडं. चुन्याचे दगड सगळे मी फेकलेले. शालूमार्फत विचारलं तर आबांनी निरोप पाठवला, "सांग त्याला, चार-पाच आठवत्यात, बाकीचं डोक्यात ऱ्हात न्हाई आता." परत पहिल्यापासून पहार आपटायची म्हणजे किती महिने, आणि तोवर कोणी पडलं तर?

मंग एकदम आठवलं. जागा लिहिलेल्या आहेत. पावलं मोजून. पोलिसात द्यायला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आबांना म्हटलं, "चला." शालूकडं न बघता, त्यांच्याकडं बघून म्हटलं. ते पहार घेऊन निघाले. एका हातात डायरी, दुसऱ्या हातात नव्या चुन्याची बादली घेऊन मी मागं. चढणीला त्यांना धाप लागली तेव्हा थांबलो. बादली खाली ठेवली. ते एका दगडावर बसले.

पाच तारखेचं पान वाचलं. "दोन लिंबांच्या मधोमध, थोरल्या लिंबापासून तेरा पावलं." आबांनी पावलं टाकली. माझ्या आणि त्यांच्या पावलात फरक, म्हणून मीच टाकली. तिथं पहार आपटली. मी पण कान लावला. खोल, रिकामं वाजतं. एकदा ऐकलं की विसरत नाही. तीन दगड रचले, वरच्याला चुना लावला. जात्याजवळचं दुसरं सापडलं.

आठ तारखेचं पान आलं. तीन जागा वाचल्या, खुणा केल्या. खाली जे लिहिलं होतं ते मी सोडलं आणि पान उलटलं. आबांना वाचता येत नाही. पण माझा आवाज अडखळला तो त्यांच्या कानांनी धरला. घरी शालू बसते त्या बाजूला मान वळवून ते म्हणाले,

"सांग त्याला, मधलं गाळू नको म्हनावं."

त्या बाजूला कोणी नव्हतं. शालू खाली घरी होती. डोंगरावर आम्ही दोघंच, आणि कडेला लांब तातेरावाची मेंढरं.

"सांगतो," मी म्हटलं.

मंग मी पान मागं घेतलं आणि सगळं वाचलं. म्हाताऱ्याला खोडा घालायचाय. खडूस माणूस, जन्मभर असाच. आता मधलं गाळायचं नव्हतं, म्हणून बोटांच्या भेगा, मलम, सगळंच वाचलं. चौदा तारखेचं पण काढून वाचलं, म्हातारा येडा व्हायला लागला ते, आणि हाताला धरावंसं वाटलं आणि धरलं नाही ते. ढकलत मागं नेलेली गाडी पण वाचली. आबा पहारीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. बोटांच्या भेगात नवा चुना गेला होता. मध्येच एकदा म्हणाले, "मलम चांगलं व्हतं." एवढंच.

बारा तारखेची पहिली जागा, सहावी, वाचायची गरजच नव्हती. ती समोर उघडी होती, काठावर चाकांच्या खुणा होत्या. आबा म्हणाले, "वाच."

"चिंचेचा बुडखा आहे, त्याच्या डावीकडं नऊ पावलं. लाथ मारून उडवले."

मी बुडख्यापासून पावलं मोजली. नवव्या पावलाला पायाखालची माती आत सुटली, आणि आबांनी माझा दंड धरून मला मागं घेतलं. धरलेला दंड सोडला नाही.

"बराबर नऊ," ते म्हणाले. आजूबाजूला कोणाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघून म्हणाले. "आता सातवी बोल."